स्पिरिटचा स्टोव्ह: भोकं नंतर पाडा, आधी वारा अडवा

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले होते की एका रात्रीच्या ट्रेकला दोघांना गॅसचा सिलिंडर न्यायची गरज नाही, मुठीत मावेल एवढा स्पिरिटचा स्टोव्ह आणि दीडशे मिली स्पिरिट पुरतं. एवढ्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी बुटांचे आणि सॅकचे प्रश्न बाजूला ठेवले, अख्खा कॉलम चुलीचाच. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, व्हिडिओ बघून थम्सअपच्या दोन कॅनचा स्टोव्ह केला. १६ भोकं होती, पाणी उकळायला वेळ लागत होता म्हणून ३२ केली. आता ज्योत मस्त मोठी येते, पण आधण यायला वेळ तेवढाच लागतो आणि स्पिरिट मात्र आधी संपतं. अजून पाडू का? – पुणे

अजिबात नको. तो ३२ वाला शोपीस म्हणून ठेवा आणि १६ चा नवीन करा.

या स्टोव्हला पंप नाही. आत दोन भिंती असतात, त्यांच्या मधल्या फटीत स्पिरिट शिरतं, मधल्या खड्ड्यात पेटवलेली ज्योत ते तापवते, वाफ होते आणि ती वाफ कडेच्या भोकांतून बाहेर येऊन जळते, बस एवढंच मशीन आहे. स्पिरिट म्हणजे मुख्यतः एथेनॉल, अल्कोहोलचाच प्रकार, ते ७८ डिग्रीलाच उकळतं म्हणून एवढ्याशा आगीवर हे जमतं. भोकं वाढवली की वाफ जास्त सुटते, ज्योत लांब होते, आणि तुमचं पातेलं १२ सेंटीमीटरचं असेल तर ती बुडाखालून निसटून कडेकडेने वर जाते. म्हणजे तुम्ही पाणी नाही, आभाळ तापवताय. ज्योतीची टोकं बुडाच्या कडेच्या आतच संपली पाहिजेत, भोकं किती हा हिशोब त्यावरून करायचा.

आणि हिशोबच करायचा तर हा बघा. अर्धा लिटर पाणी २५ डिग्रीवरून उकळीला न्यायला साधारण १५७ किलोज्यूल लागतात. एक मिली शुद्ध एथेनॉल जळलं की सुमारे २१ किलोज्यूल मिळतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यातच गेली तर साडेसात मिलीत आधण यायला हवं. असं कधीच होत नाही, पण वारा अडवलेला, झाकण लावलेलं आणि अंतर बरोबर असेल तर १५ मिलीच्या आसपास काम होतं. तेच उघड्या कड्यावर बिनझाकणाचं पातेलं ठेवलं तर ३० मिली संपूनही पाण्यावर नुसते बारीक बुडबुडे दिसतात आणि मग लोक म्हणतात स्पिरिट स्टोव्हमध्ये दम नाही. स्टोव्ह तोच असतो हो.

तेव्हा मॉडिफिकेशन करायची हौस असेल तर कॅन सोडून या तीन ठिकाणी करा.

पहिलं म्हणजे वाऱ्याचा पत्रा. केटरिंगवाले वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा मोठा ट्रे घ्या, कात्रीने पट्टी कापा, कडा दुमडून घ्या नाहीतर बोटं कापतात, आणि पातेल्याभोवती गोल उभी करा. पातेलं आणि पट्टीत एका बोटाची फट हवी, उंची पातेल्याच्या पाऊण भागापर्यंत, आणि खालच्या कडेला हवा आत यायला पंचिंग मशीनने भोकांची एक रांग. भोकांची बाजू वाऱ्याकडे पाठ करून ठेवायची. फक्त एक सांगते, हा पत्रा गॅसच्या डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला कधीही गुंडाळायचा नाही, डबा तापून फुटू शकतो. स्पिरिटला जे वरदान आहे ते तिथे संकट आहे.

दुसरं अंतर. स्टोव्हच्या वरच्या कडेपासून पातेल्याचं बूड तीन-साडेतीन सेंटीमीटरवर ठेवा. त्याहून जवळ आणलं तर ज्योतीला हवा मिळत नाही, ती पिवळी पडते, बुडाला काजळी धरते आणि डोळे चुरचुरतात. स्टँडसाठी सायकलचे जुने आरे वाकवून घ्या, सायकलवाला फुकट देतो आणि ते आगीला दाद देत नाहीत. किंवा वेल्डेड जाळीची पट्टी गोल करून तारेने बांधा.

तिसरं पातेलं. उंच मगपेक्षा बसकं, रुंद बुडाचं घ्या. आणि झाकण! लोक हजार रुपयांचा टायटॅनियम मग घेतात आणि झाकण घरी विसरून येतात.

नवीन कॅनचा स्टोव्ह पहिल्यांदा पेटवताना मात्र बाहेर पेटवा आणि त्यावर काही शिजवू नका, कॅनला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि बाहेरून रंग, ते दोन्ही आधी जळून जायला हवं.

मधल्या भोकाला स्क्रू आणि वॉशर लावून वरून बंद केलं तर प्रेशर वाढेल ना? जोडाला एम-सील लावायचा विचार आहे. – सांगली

प्रेशर वाढेल आणि मग ते स्क्रूसकट तुमच्या तोंडावर येईल. बंद डब्यात तापणारं स्पिरिट म्हणजे बॉम्ब, दुसरा शब्द नाही. मधल्या भोकावर नुसतं नाणं ठेवायची एक पद्धत आहे, ती चालते, कारण दाब जास्त झाला की नाणं स्वतःच उचललं जातं. स्क्रू उचलला जात नाही. जोडाला पुट्टी लावायचीही गरज नाही, असल्या पुट्ट्या आगीत टिकायला बनवलेल्या नसतात, स्पिरिट संपत आलं की पत्रा भयंकर तापतो आणि पुट्टी सुटते. एका कॅनची कड किंचित आत दाबून दुसऱ्यात नीट सरकवली की तीच घट्ट बसते. घाई केली की पत्रा फाटतो, फाटला तर तो टाकून नवीन घ्यायचा, चिकटवत बसायचं नाही.

नक्की कुठलं स्पिरिट घ्यायचं? पेंटच्या दुकानात विचारलं तर त्याने थिनरची बाटली पुढे केली. सॅनिटायझर चालतं का? – नागपूर, कोल्हापूर आणि आणखी बरेच जण

थिनर नाही म्हणजे नाही. थिनरमध्ये टोल्युइन वगैरे सॉल्व्हंट असतात, काळा धूर, घाण वास आणि भडका. टर्पेंटाइन, पेट्रोल, रॉकेल हेही या स्टोव्हमध्ये घालायचं नाही. दुकानात "फ्रेंच पॉलिशचं स्पिरिट" मागा, म्हणजे सुतार लोक चपडी विरघळवायला वापरतात ते. तेच डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे कोणी पिऊ नये म्हणून भेसळ केलेलं अल्कोहोल. कधी पाण्यासारखं बिनरंगी असतं कधी निळं-जांभळं. ते उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांत येतं त्यामुळे प्रत्येक दुकानात मिळत नाही, दोन-चार ठिकाणी फिरावं लागतं. घरी आणल्यावर काचेच्या ग्लासात दोन चमचे घेऊन त्यात तेवढंच पाणी घाला. अल्कोहोल पाण्यात मिसळून जातं. दुधाळ झालं किंवा वर थर आला तर तुम्हाला भलतंच काहीतरी दिलंय, परत करा.

सॅनिटायझरमध्ये बरंच पाणी असतं, जेल असेल तर घट्ट करायचं द्रव्यही, त्यामुळे जळतं पण रडत रडत, खाली चिकट थर राहतो. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट घेताना लेबल वाचा, आयसोप्रोपिल (वेगळ्या जातीचं अल्कोहोल) असेल तर ज्योत पिवळी आणि पातेलं काळं, बाकी धोका नाही, नुसता घासायचा वैताग. साध्या स्पिरिटनेही काजळी धरत असेल तर त्यात दहा टक्के पाणी घालून बघा, ज्योत थोडी मंद होते पण बूड बऱ्यापैकी स्वच्छ राहतं.

आता गंभीर गोष्ट. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बहुधा मिथेनॉल असतं. दहा मिली मिथेनॉल पोटात गेलं तरी कायमचं आंधळेपण येऊ शकतं. आणि आपले लोक स्पिरिट कशात भरून नेतात, तर पाण्याच्या बाटलीत! रात्री गुहेत, टॉर्च नाही, कोणीतरी तहानेने उठतो आणि हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत स्पिरिट भरायचंच नाही. वेगळ्या आकाराची, जाड प्लास्टिकची, छोट्या तोंडाची बाटली घ्या, भोवती लाल टेप गुंडाळा, वर मोठ्या अक्षरात विष लिहा आणि सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवा, खाण्याच्या पिशवीत नाही. चुकून कोणी प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी करवत बसू नका, लगेच गड उतरायला लागा आणि मोठं हॉस्पिटल गाठा. सुरुवातीला माणूस ठीक दिसतो, म्हणून फसगत होते.

मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण उत्तम, त्यावर मिलीच्या रेघा असतात. ते मग परत औषधाला वापरायचं नाही हे सांगायला नकोच.

आमच्या ग्रुपमध्ये एकाचा हात भाजला. स्टोव्ह विझला असं समजून त्याने वरून स्पिरिट ओतलं. विझलाय की नाही हे ओळखायचं कसं? – नाशिक

या स्टोव्हचा सगळ्यात मोठा दोष हाच. चांगल्या स्पिरिटची ज्योत उन्हात दिसतच नाही. दुपारी कळसूबाईच्या माथ्यावर पेटता स्टोव्ह समोर ठेवला तरी दहापैकी आठ जण म्हणतील पेटलेला नाही. बारकाईने बघितलं तर डब्याच्या तोंडावरची हवा थरथरताना दिसते, पलीकडचा दगड हलल्यासारखा वाटतो. स्वतःची सावली त्यावर पाडा म्हणजे निळी कड दिसेल. नाहीतर तळहात वर एक फुटावर आडवा धरून अंदाज घ्या, हळूहळू खाली आणा, सरळ वरून खुपसू नका.

पण खरा नियम असा की विझलाय असं वाटलं तरी स्टोव्हवर उलटी वाटी झाकायची, पाच मिनिटं थांबायचं, डबा हाताला गार लागला की मगच ओतायचं. तेही बाटलीतून नाही, टोपणात मोजून घेऊन आणि बाटली बंद करून लांब ठेवून. पेटत्या स्टोव्हवर बाटलीतून ओतलं की ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा फवारा समोरच्यावर जातो. आणि भाजतो तो समोर बसलेला, ओतणारा बऱ्याचदा सुटतो.

भाजलं तर वीस मिनिटं साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

तयार स्टोव्ह घ्यावा की घरी करावा? – ठाणे

पहिल्यांदाच वापरणार असाल तर पितळी घ्या. स्वीडनच्या ट्रँगिया कंपनीचा बर्नर या प्रकारातला आजोबा आहे, कंपनी १९२५ ची, त्यांचा वाऱ्यापासून आडोसा असलेला पहिला सेट १९५१ चा, आणि डिझाइन आजही जवळपास तेच. बर्नर ११० ग्रॅमच्या आसपास, कॅनच्या स्टोव्हपेक्षा बराच जड, पण पाय पडला तरी चपटा होत नाही. त्याच धर्तीचे स्वस्त पितळी बर्नर ऑनलाइन मिळतात, कामाला ठीक आहेत. दोन गोष्टी त्यात कॅनपेक्षा चांगल्या. एक, आटे असलेलं झाकण, म्हणजे उरलेलं स्पिरिट आतच राहतं. मात्र गरम असताना ते झाकण लावू नका, आतली रबराची रिंग वितळते. आणि दोन, आच कमी करायची चकती, तिची गोष्ट खाली.

चहा, मॅगी ठीक आहे. खिचडी होते का? आमची खाली करपते आणि वर कच्ची राहते. – सातारा

होते, पण घरच्यासारखी आचेवर ठेवून नाही. हा स्टोव्ह दोनच गोष्टी जाणतो, पेटणं आणि विझणं. आच कमी करायला पितळी बर्नरवर सरकती चकती येते, ती अर्धी झाकली की वाफ कमी सुटते. कॅनवाल्यांनी पत्र्याच्या झाकणाला मधे एक रुपयाएवढं भोक पाडून ती टोपी पकडीने वर ठेवावी, भडकलेली ज्योत बसते. चकती बाहेर गार असते आणि बर्नर तापलेला, त्यामुळे कधी कधी टाकताच स्टोव्ह विझतो, मग परत पेटवा, नशीब.

मी मात्र चकतीच्या भानगडीत पडत नाही, मी पिशवी वापरते. गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात ती चंदेरी चादर कापून पातेल्याच्या मापाची टोपी आणि तळ शिवून किंवा टेपने चिकटवून घ्यायचा. तांदूळ आणि मुगाची डाळ घरून निघतानाच फोडणीच्या मसाल्यासकट पुडीत भरून घ्या, मुक्कामावर पोचल्या पोचल्या अर्धा-पाऊण तास भिजत घाला. मग उकळी आणा, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं खळखळू द्या, आणि पातेलं उचलून त्या पिशवीत बंद. पंचवीस मिनिटं कोणी झाकण उघडून बघायचं नाही. बघणारा एक असतोच प्रत्येक ग्रुपात. खिचडी आतल्याच उष्णतेवर शिजते, करपायचा प्रश्नच नाही कारण खाली आगच नाही. तूप वरून. दोघांच्या खिचडीला स्पिरिट २५ मिलीच्या आसपास लागतं. तूरडाळ नेऊ नका, ती असल्या लाडाने शिजत नाही. कळसूबाईवर, म्हणजे १६४६ मीटरवर, पाणी ९५ डिग्रीच्या आतच उकळतं, त्यामुळे वर भिजवणं आणखी महत्त्वाचं.

भाकरीचं विचारलंय कोणीतरी. नाही होत. मधे करपते, कडेला कच्ची. भाकऱ्या घरून न्या नाहीतर पायथ्याच्या गावात सांगा, हरिश्चंद्रगडाला पाचनईत घरोघरी गरम भाकरी-पिठलं मिळतं आणि ते तुमच्या कुठल्याही स्टोव्हपेक्षा भारी असतं.

डोंबिवलीहून कसारा लोकलने जाणार आहे. दीडशे मिली स्पिरिट कोण बघतंय? – डोंबिवली

बघतील न बघतील, पण नेऊ नका. रेल्वेत ज्वलनशील माल नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा सोडा, कसारा लोकलच्या त्या गर्दीत सॅक दबून बाटली गळली आणि शेजाऱ्याने बिडी काढली तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. एसटीतही नाही. विमानात तर स्पिरिट अजिबातच नाही, वापरलेला स्टोव्हसुद्धा पूर्ण धुऊन वाळवून न्यावा लागतो आणि तरी अडवतात. त्यामुळे स्वतःच्या गाडीने जाणार असाल तरच हा स्टोव्ह, नाहीतर उतराल तिथल्या पेंटच्या दुकानात आधी फोन करून विचारा. तेही नसेल तर चहा पायथ्याला.

वर गेल्यावरही सगळीकडे पेटवता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकात परवानगी दिलेली जागा सोडून स्वयंपाकाला बंदी आहे, रायगड त्यातच येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथे जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. फेब्रुवारी ते मे सगळा डोंगर वाळलेल्या गवताचा असतो आणि हा स्टोव्ह कलंडला की सांडलेलं स्पिरिट पेटतं राहूनच पसरतं. उघड्या कातळावर, गवतापासून लांब, सपाट दगडावर पेटवा आणि झाकायला मोठं पातेलं हाताशी ठेवा. स्टोव्हच्या आत ग्लास वूल (काचेचा कापूस) किंवा कार्बन फेल्ट (आगीत टिकणारं जाड कापड) भरला तर कलंडल्यावर कमी सांडतं, पेटायला जरा वेळ लागतो एवढंच. हा बदल मात्र सगळ्यांनी करावा असं माझं मत आहे, भोकांपेक्षा किती तरी कामाचा. आणि तंबूच्या आत कधीच नाही, पाऊस असला तरी. तंबू पेटतो, आणि नाही पेटला तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो.

शाळेच्या कॅम्पला पाचवी-सहावीच्या मुलांना हा स्टोव्ह करायला शिकवावा असा विचार आहे. – एक शिक्षिका, रत्नागिरी

बाई, करायला शिकवा, पेटवायला नको. कॅन कापणं, मोजणं, भोकं पाडणं छान होईल (हातमोजे द्या). पेटवून दाखवायचं ते तुम्ही, मुलं लांब. न दिसणारी ज्योत आणि दहा वर्षांची मुलं हे एकत्र नको.

डिसेंबरात हिमाचलला जातोय, तिथे चालेल का? – मुंबई

चालेल पण चिडचिड होईल. एथेनॉलची वाफ पेटण्याइतकी सुटायला साधारण १५-१६ डिग्री तापमान लागतं, थंडीत काडीमागून काडी विझते. बाटली जॅकेटच्या आत ठेवू नका, सगळे तेच सांगतात पण गळली तर काय? त्यापेक्षा जेवढं हवं तेवढंच छोट्या डबीत घेऊन हातात धरून गरम करा, आणि स्टोव्हखाली बाटलीचं पत्र्याचं झाकण ठेवून त्यात चमचाभर स्पिरिट पेटवा म्हणजे डबा खालून तापतो. बर्फ वितळवायचा असेल तर हा स्टोव्ह विसरा, त्याला फार स्पिरिट लागतं.

कॅलिफोर्नियात राहतो. इथे दुकानात पिवळ्या आणि लाल बाटलीतलं हीट (HEET, गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत घालतात ते) मिळतं, कुठलं घेऊ?

पिवळं. ते मिथेनॉल आहे, स्वच्छ जळतं, पण विषारी आहे, हाताला लागू देऊ नका. लालमध्ये आयसोप्रोपिल, काजळी. आणि जाण्याआधी त्या भागातले आगीचे निर्बंध बघा, उन्हाळ्यात तिकडे बंद करायचा कॉक असलेलेच स्टोव्ह चालतात, म्हणजे आपला हा बाद.

आजोबांचा पितळी पंपाचा स्टोव्ह सापडलाय, सोबत चिमट्यासारखा काकडा पण आहे. त्यात स्पिरिट भरू का? – वाई

टाकीत नाही! तो रॉकेलचा आहे. स्पिरिट त्याला लागतं ते फक्त काकड्यापुरतं, बर्नर तापवायला. त्या काकड्याच्या टोकाला जुनी पांढरी दोरी असेल तर ती अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ओढून-चिवडून काढू नका, न हलवता पिशवीत बांधून ठेवा. स्टोव्ह पॉलिश करून शेल्फवर झकास दिसेल.

लग्नात बुफेच्या भांड्यांखाली जे जेलचे डबे ठेवतात ते उरलेत. ट्रेकला चालतील?

गरम ठेवायला चालतील, उकळायला नाही. चहाला आधण येईपर्यंत सूर्य उगवेल.